कुंचीखालचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी कुंची आहे. कुंची म्हणजे काय, असं तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मनात आलं असेल. बाळाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते, कानांवरून खाली उतरते आणि पाठीवर पदरासारखी मोकळी सुटते, ती कुंची. आता बाजारात लोकरीच्या टोप्या मिळतात. त्यांना मांजराचे कान असतात, वर गोंडा असतो. माझ्या काळी बाळ आणि थंडी यांच्यामध्ये फक्त मी असायचे.

माझा रंग हिरवा होता. आता तो कसला आहे हे मलाही सांगता येणार नाही. इतक्या बाळांची लाळ, इतकं खोबरेल तेल आणि इतकं ऊन मी प्यायले आहे, की मूळचा हिरवा रंग आता फक्त शिवणीच्या आत सापडतो.

माझा जन्म डोळखांबच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यात झाला. मला शिवणारी अंबूबाई तेव्हा अगदी तरुण होती आणि तिच्या पोटात बाळ होतं. भात झोडून झालं होतं, खळी रिकामी पडली होती. दुपारच्या उन्हात दारात बसून तिनं आपल्या नव्या हिरव्या लुगड्याचा पदर टरकन फाडला. शेजारीण धावत आली.

"नवं लुगडं फाडलंस गो? येड लागला का काय तुला?"

"लुगडं काय करायचंय," एवढंच अंबूबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

आतून तिनं धोतराचं मऊ अस्तर लावलं. टाळूच्या मागे एक चिमुकला खिसा केला, भाजलेला ओवा आणि वेखंडाचा तुकडा ठेवायला. आणि एक गोष्ट तिनं अशी केली, जी दुसऱ्या कुठल्याच कुंचीला मी पाहिली नाही. इतर कुंच्या मागे मोकळ्या सुटतात. मला तिनं पुढूनही दोन रुंद पाळ्या लावल्या. त्या बाळाच्या छातीवर एकमेकींवर घालायच्या आणि बंदांनी पाठीमागे घट्ट बांधायच्या. वाऱ्याला शिरायला सुईच्या टोकाएवढी जागा राहू नये, अशी मी होते. शिवताना अंबूबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी नवी होते, मला वाटलं सगळ्या आया बाळाचे कपडे रडतच शिवत असतील.

त्या बाळाचं नाव कमळाकर. माझ्या पोटात मावलेलं ते पहिलं डोकं. त्याला सर्दी झाली की अंबूबाई तव्यावर ओवा भाजायची, घरभर त्याचा खरपूस वास सुटायचा, तो गरम ओवा माझ्या खिशात जायचा आणि मग माझे बंद आवळले जायचे. एकदा बांधलं की बांधलं. सर्दी उतरेस्तोवर कुंची उतरवायची नाही, हा अंबूबाईचा नेम होता. दूध पाजताना नाही, झोपवताना नाही, अंग पुसतानासुद्धा नाही. फडकं माझ्या खालून हळूच आत घालायचं आणि तसंच बाहेर काढायचं.

कमळाकर ठणठणीत झाला. त्याच्या पाठची भावंडं झाली. मग पाड्यातल्या इतर बाळांसाठीही मला न्यायला लागले. "अंबूबायची कुंची दे गो, पोराचं नाक गळतंय," असं म्हणत बाया यायच्या. मला परत आणून देताना रिकामी देत नसत. माझ्यात मूठभर तांदूळ, कधी नाचणी, कधी दोन सुके बोंबील बांधून आणत. "तुझ्या कुंचीत गुण हाय," असं म्हणत. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून फार बरं वाटायचं. सर्दी बहुतेक वेळा आपली आपणच बरी होते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मीच तिला पळवून लावते.

पुढे अंबूबाईच्या नवऱ्याला भातसा धरणावर काम मिळालं. बिऱ्हाड डोंगरातून खाली सापगावला आलं. पोरं मोठी झाली आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. कडुलिंबाच्या पाल्यात घडी घालून ठेवलेली. वरून कधी लग्नाचा शालू, कधी जुन्या चादरी पडत गेल्या. पेटीतल्या कपड्याला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर उष्ण, ओला श्वास. बाळ झोपलं की त्याचा श्वास माझ्या कानपट्टीला लागायचा. तो नसला की आपण नुसतं कापड असतो.

मग एका थंडीत पेटी उघडली.

मला बाहेर काढणारे हात नवीन होते. ते अंबूबाईच्या सुनेचे, दिपिकाचे. कमळाकर आता बापासारखाच भातसानगरला धरणावर नोकरीला होता आणि त्याचं लग्न मुरबाडच्या दिपिकाशी झालं होतं. ती बी.ए. झालेली. तिला मुलगा झाला होता, स्वरूप. तिनं मला झटकलं, नाकाशी धरून वास घेतला, गरम पाण्यात धुतलं आणि कडक उन्हात उलटंसुलटं करून वाळवलं. इतक्या निगुतीनं मला याआधी कुणी हाताळलं नव्हतं.

ही दिपिका म्हणजे एक बघणारी बाई होती. स्वरूप झोपला की त्याच्या पोटाकडे बघायची. जागा झाला की डोळ्यांकडे बघायची. वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढायची आणि मग त्याला पेज भरवायची. अंबूबाईला त्याची गंमत वाटायची, कधी रागही यायचा.

"बी.ए. केलंस का पोलिस भरतीला गेलतीस?" अंबूबाई म्हणायची. "पोर हाय ते. चोर नाय."

शेजारची रखमी मावशी तर हसून हसून ओट्यावर बसायची. "अंबूबाय, तुमची सून पोर सांभाळीत नाय, राखण करते राखण. वालाच्या वाफ्यावर बसल्यासारी."

दिपिका हसायची. पण बघायचं काही सोडायची नाही. पोलिओच्या डोसाला ती स्वरूपला घेऊन गेली, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर होते. तिथल्या सिस्टरनं डोस पाजला आणि दिपिकाला सांगितलं, "थंडी पडलीय. सर्दी झाली तर घाबरू नका. अंगावरचं दूध पाजत राहा, ऊब द्या. फक्त छाती बघत जा. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडायला लागला, की घरी थांबायचं नाही." दिपिकानं मान हलवली. मीही ऐकलं. पण छातीवर तर माझ्या पाळ्या असतात, असं मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

पौष लागला. मुरबाडकडे म्हसा गावची जत्रा भरली. दिपिकाच्या माहेरच्यांनी बोलावणं धाडलं आणि स्वरूपला मांडीवर घेऊन, सासू-सुना एसटीनं जत्रेला गेल्या. बैलांचे बाजार, घोंगड्यांच्या राशी, पाळणे, गूळ-शेव, आणि सगळ्यांवर बसलेली बारीक धूळ. स्वरूप माझ्या आडून टुकूटुकू बघत होता. घोंगडीवाल्यानं त्याच्याकडे बघून अंबूबाईला म्हटलं, "आजी, ह्या कुंचीपुढे माझी घोंगडी काय विकणार?" अंबूबाईची मान ताठ झाली. माझीही झाली असती, मला असती तर.

घरी आल्यावर स्वरूपला शिंका सुरू झाल्या. नाक वाहायला लागलं.

पहिले दिवस काही काळजीचे नव्हते. नाक गळत होतं, पण तो हसत होता, पाय झाडत होता, दिपिकाच्या केसांना लोंबकळत होता. घरात एकदम लगबग झाली. अंबूबाईनं तव्यावर ओवा भाजला, सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली. दिपिका ती आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, चटका बसत नाही ना याची खात्री करायची आणि मग स्वरूपच्या पाठीला, तळपायांना शेक द्यायची. परसातल्या पानओव्याचं जाड पान तव्यावर कोमट करून त्याच्या अंगाला लावायची. मोरीत गरम पाण्याचं घमेलं ठेवून, दार लोटून, ती त्याला मांडीवर घेऊन लांब बसायची. वाफेनं नाक मोकळं झालं की तो घटाघटा दूध प्यायचा. दोघी बायका एकमेकींच्या हाताखाली अशा काम करत होत्या, की कुणाचा उपाय कुठला हे वेगळं काढता आलं नसतं.

रखमी मावशी एका बाटलीतून रानातला मध घेऊन आली. "बोटभर चाटव. कफ सुटतो."

"मावशी, वर्षाच्या आतल्या मुलाला मध देत नाहीत," दिपिका म्हणाली.

"कोन देत नाय?"

"डॉक्टर देत नाहीत. बाधतो."

रखमी मावशीनं अंबूबाईकडे बघितलं. अंबूबाईनं कपाळाला आठी घातली. क्षणभर मला वाटलं, आता भांडण होणार. पण रखमी मावशीनं बाटलीत बोट बुडवलं आणि ते स्वतःच्याच तोंडात घातलं. "मंग मीच खाते. माजं वरीस कवाच झालं."

तिघी हसल्या. स्वरूपही हसला, त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

आणि मग मला बांधण्यात आलं. अंबूबाईनं माझ्या खिशात ओवा भरला, पाळ्या छातीवर एकमेकींवर घातल्या आणि मागे घट्ट गाठ मारली. वर दुपटं गुंडाळलं. "आता सर्दी उतरेस्तोवर कुंची उतरवायची नाय," ती म्हणाली. दिपिकानं वरचं दुपटं सारखं केलं. सासूनं आतापर्यंत तिचं पुष्कळ ऐकलं होतं. मध नको म्हटलं तर तो दिला नव्हता. एवढं तरी आपण ऐकावं, असं तिला वाटलं असणार.

मित्रांनो, तुम्ही सगळे बाहेरून बघता. मी आतून ऐकते. दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाकर धरणावर कामाला गेला आणि त्यानंतर थोड्या वेळानं मला स्वरूपचा श्वास वेगळा लागायला लागला. आधी तो माझ्या कानपट्टीवर येऊन थांबायचा, परत यायचा. आता थांबतच नव्हता. उथळ, घाईघाईचा, दमल्यासारखा. मानेमागे माझं अस्तर घामानं भिजलं. माझ्या पाळ्यांच्या आत त्याची छाती अशी हलत होती, की बंदांना हिसके बसत होते. मला ओरडावंसं वाटलं. पण कापडाला कुठून आवाज?

स्वरूप आता रडत नव्हता. दुपार झाली तेव्हा अंबूबाईनं त्याला मांडीवर घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"बघ. कसा गप पडला. आराम पडला त्याला."

दिपिका चुलीपुढून उठून आली. तिनं त्याला छातीशी धरलं. त्यानं दोन घोट घेतले आणि तोंड सोडून दिलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे अर्धे उघडे होते, पण तो तिला बघत नव्हता. नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या.

"आई, हा झोपला नाहीये," ती म्हणाली. "झोपलेलं बाळ असं नसतं. मला त्याची छाती बघायचीय."

"बघायचंय काय त्यात? सर्दी हाय. भरलंय ते सुटेल."

"कुंची काढते मी."

अंबूबाईनं एकदम माझ्या गाठीवर हात ठेवला. "नाय. कुंची नाय काढायची. काय वाट्टेल ते कर. पुस्तकातलं कर, डॉक्टराचं कर. कुंची नाय काढायची."

"पण का?"

"सांगितलं ना नाय म्हणून!"

"आई, उन्हात बसू. भिंतीच्या आड. वारा लागणार नाही. एक क्षणभर."

"एक क्षणभरच काढली होती मी!" अंबूबाई ओरडली. आणि ओरडून तिचा आवाज बसल्यासारखा खाली आला. "कमळ्याच्या आधी माजी पोर होती. प्रेमा. तुजा नवरा पन तिला ओळखत नाय. सर्दी झाली होती. डोक्याला फडकं बांधलं होतं, ते मळलं म्हणून मी सोडलं. धुवायला. तेवढ्यात तिला वारा लागला. ती अशीच... मंग गेली. फडकं वाळलं नव्हतं अजून."

अंगणात एक कोंबडी वालाच्या टरफलांत चोच मारत होती.

मला शिवताना अंबूबाई का रडत होती, हे मला त्या दुपारी कळलं. छातीवरच्या दोन पाळ्या कुणासाठी होत्या, तेही कळलं. इतकी वर्षं मी तिच्या घरात होते आणि मला शिवण्यामागे एक मुलगी होती, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिपिकाच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं तिथंच वाद घातला असता. वारा लागून असं होत नाही, म्हणाली असती. तिनं त्यातलं काही केलं नाही. ती स्वरूपला घेऊन भिंतीआड उन्हात जाऊन बसली. त्याला मांडीवर आडवं केलं आणि माझी गाठ अंबूबाईच्या बाजूला येईल असं धरलं.

"आई, मी नाही काढत," ती म्हणाली. "तुम्ही काढा. तुमच्या हातानं. मी वाऱ्याच्या बाजूला बसते."

आणि ती खरंच वाऱ्याच्या बाजूला सरकली, पदर पसरून.

अंबूबाई त्यांच्याजवळ आली. मग ती खाली बसली. तिची बोटं माझ्या गाठीशी आली आणि तिथंच अडकली, कारण गाठ तिनंच घट्ट मारली होती. तिनं ती दातानं सोडवली. एक पाळी बाजूला झाली. दुसरी झाली. मी स्वरूपच्या डोक्यावरून उतरले.

मी त्या वेळी अंबूबाईच्या हातात होते आणि मी पहिल्यांदाच एका बाळाला बाहेरून बघत होते.

स्वरूप श्वास घ्यायचा आणि त्याच्या बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला, खळगा पडायचा. जणू आतून कुणी कातडी ओढत होतं. सोडायचा आणि खळगा भरायचा. पुन्हा घ्यायचा. पुन्हा खळगा.

दिपिका म्हणाली, "सिस्टर म्हणाल्या होत्या ते हेच."

पण अंबूबाईनं ते ऐकलंच नाही. ती त्या खळग्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"अशीच खळी," ती म्हणाली. "अशीच खळी पडत होती गो तिला. आदल्या दिवसापास्नं पडत होती. मी फडकं सोडायच्या आधीपास्नं. मला काय ठावं..."

दिपिकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. फक्त एक पळभर. मग अंबूबाई अशी उठली, की मला वाटलं तिच्या गुडघ्यांना दुखणं कधी नव्हतंच. ती दारातून ओरडत सुटली, "लडकू! ए लडकू! गाडी काढ!"

लडकू तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याचा छोटा टेम्पो बाहेरच उभा होता, वालाच्या पोत्यांनी अर्धा भरलेला. "काकी, पोती उतरवतो, दहा मिनिटं थांब."

"पोती नेऊन घाल मसणात! पोराला शहापुरात न्यायचंय!"

लडकूनं दिपिकाच्या हातातलं पोर बघितलं आणि पोती तशीच ठेवून गाडीचं दार उघडलं. दोघींना पुढे बसवलं. वाटेत रखमी मावशी पाण्याचा हंडा घेऊन येताना दिसली. तिला अंबूबाईनं चालत्या टेम्पोतून सांगितलं, "कमळ्याला निरोप दे! दवाखान्यात गेलो म्हनावं!" मावशीनं हंडा तिथेच रस्त्याच्या कडेला ठेवला आणि ती भातसानगरच्या दिशेनं जाणारी गाडी अडवायला धावली.

स्वरूपच्या अंगाभोवती हलकं दुपटं होतं. छाती मात्र दिपिकानं झाकली नाही, ती सगळी वाट त्या खळग्याकडे बघत होती. मी अंबूबाईच्या मुठीत होते. तिनं मला इतकं घट्ट आवळलं होतं, की ओव्याचे दाणे माझ्या खिशात चुरडले जात होते.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. सिस्टरनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्याचे श्वास मोजले, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, नाकाजवळ प्राणवायूची नळी आली, इंजेक्शन झालं. न्यूमोनिया, असं डॉक्टर म्हणाले. दिपिका इतका वेळ रडली नव्हती. सिस्टर "वेळेवर आणलंत" म्हणाली आणि दिपिका भिंतीला टेकून खाली बसली ती ओंजळीत तोंड घालूनच.

कमळाकर धरणावरून तसाच, अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी आला. त्यानं आईला विचारलं, "काय झालं?" अंबूबाई म्हणाली, "तुजी बायको बघणारी हाय, म्हणून काय झालं नाय." यापेक्षा मोठं कौतुक त्या घरात कुणाचं झालेलं मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी स्वरूपनं डोळे नीट उघडले. दुपारी तो पोटभर दूध प्यायला. खळगा उथळ होत गेला आणि मग दिसेनासा झाला. सिस्टर त्याचं अंग तपासत होती तेव्हा अंबूबाईनं हळू आवाजात विचारलं, "बाय, एक विचारू? लई वर्साच्या आधीची गोष्ट हाय. तवा आणली असती एखादीला अशी, तर वाचली असती का?"

सिस्टर थांबली. तिला सगळं माहीत नव्हतं, पण काही तरी कळलं असावं. "कुठं राहत होता तेव्हा, आजी?"

"डोळखांबच्या वरती. डोंगरात."

"दवाखाना होता जवळ?"

"कुटला दवाखाना? रस्ताच नव्हता."

"मग तुमचा कसला दोष?" सिस्टर म्हणाली. "डोक्यावरचं फडकं काढल्यानं कुणाला असं होत नाही, आजी. आजार छातीत आधीच बसलेला असतो. ऊब द्यावी, चांगलीच आहे. ओव्याचा शेक द्या, दूध पाजा. कुंचीही घाला. पण बाळाला इतकं बांधू नका, की त्याचा श्वास आपल्याला दिसणार नाही."

अंबूबाईनं मला मांडीवर ठेवून हातानं सारखं केलं. माझ्या अस्तरावर एक थेंब पडला. या वेळी मला तो ओळखता आला.

स्वरूप बरा होऊन घरी आल्यावर, एका सकाळी अंबूबाई ओट्यावर बसली. तिनं दिपिकाकडून कात्री मागून घेतली आणि माझ्या दोन्ही पाळ्यांची शिवण उसवली. एकेक टाका, घाई न करता. मित्रांनो, मला दुखलं असेल असं तुम्हाला वाटेल. खरं सांगू? मला हलकं वाटलं. त्या पाळ्यांमध्ये किती वर्षांचं ओझं शिवलेलं होतं, ते उतरल्यावरच समजलं. पाळ्यांचं कापड वाया गेलं नाही. दिपिकानं त्याच्या ओव्याच्या पुरचुंड्या केल्या.

"आता कशी दिसते?" अंबूबाईनं मला उचलून धरून विचारलं.

"सगळ्यांच्या कुंचीसारखी," दिपिका म्हणाली.

"तशीच पायजे होती," अंबूबाई म्हणाली.

त्यानंतर मी पेटीत गेले नाही. सापगावात अजून बाळं होत होती. रखमी मावशीच्या सुनेला, राहीला मुलगी झाली, तेव्हा मावशी मला न्यायला आली. अंबूबाईनं मला दिलं, पण ती पायांत चप्पल सरकवून स्वतःही बाहेर पडली.

"तुमी कुटं?" मावशी म्हणाली.

"कुंचीबरोबर. कुंची एकटी नाय द्यायची आता."

राहीच्या घरी जाऊन तिनं बाळाचं दुपटं उघडलं, छाती मोकळी केली आणि राहीला समोर बसवलं. "बघ. असा श्वास चांगला. आता डोळ्यांत ठेव. सर्दी झाली की हे रोज बघायचं, पाजताना बघायचं. खळी दिसली की चालू पडायचं, कुनाची वाट बघायची नाय. सासूचीबी नाय."

"माज्यासमोरच सांगता?" रखमी मावशी म्हणाली.

"तुज्यासमोर नाय सांगितलं तर तू ऐकशील का?"

मग त्या दोघी चहा घेत बसल्या, आणि मी त्या मुलीच्या डोक्यावर बसले. तिचे केस काळेभोर होते आणि श्वास शांत होता.

अशी मी किती घरं फिरले, ते मला सांगता येणार नाही. पुढे घरोघरी बाजारातल्या टोप्या आल्या, लोकांकडे फोन आले, सापगावातून दवाखान्यात जायला रिक्षा मिळायला लागल्या. मला मागायला येणाऱ्या बाया कमी झाल्या. स्वरूप आता शाळेत जातो आणि मला बघून "शी, ही काय माझी होती?" असं विचारतो. मी दिपिकाच्या कपाटात वरच्या फळीवर असते. कधीमधी एखादी लेकुरवाळी मला बघायला मागते, आणि मग दिपिका मला खाली काढते. मला देण्याआधी ती अजूनही बाळाची छाती उघडून त्याच्या आईला श्वास दाखवते. अंबूबाई बाजूला बसून मान हलवते आणि काही राहिलं तर सांगते.

माझ्या लहान मित्रांनो, तुमच्या घरात एखादं बाळ येईल. तुमचा भाऊ असेल, मावशीची मुलगी असेल, शेजारचं असेल. त्याला सर्दी झाली की घरातली मोठी माणसं ओवा भाजतील, शेक देतील, कुंची घालतील. त्यांना करू द्या. त्या उबेत फार माया असते आणि साध्या सर्दीला ती पुरते. फक्त तुम्ही त्या बाळाजवळ बसा. एकदा कुंची बाजूला करून, दुपटं उघडून, त्याचा श्वास नीट बघा. तो दमलेला वाटला, पोटावर खळी दिसली, ते दूध पीत नसेल, तर घरात ज्याला सांगता येईल त्याला मोठ्यानं सांगा. ऐकलं नाही तर परत सांगा.

आणि मला काढून बाजूला ठेवलंत, म्हणून मला वाईट वाटेल असं मनात आणू नका. खुंटीला टांगल्यावर तिथून मला बाळ सगळंच्या सगळं दिसतं.